तंबू उठवल्यावर वावरात काय उरेल?

नमस्कार. प्रश्न मोठा होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, मोहर्लीच्या बाजूला तुमची सहा एकर वडिलोपार्जित शेती आहे आणि तिथे बारा लक्झरी तंबू टाकायचा विचार आहे. तंबू म्हणजे तात्पुरतं बांधकाम, त्यामुळे परवानग्यांची फारशी कटकट नाही आणि विटा-सिमेंट नसल्यामुळे काम आपोआप पर्यावरणपूरक होतं, असं सल्लागाराने सांगितलंय. सोबत पाठवलेल्या आराखड्यात प्रत्येक तंबूखाली आरसीसीचं जोतं, प्रत्येकात दीड टनाचा एसी, मधोमध पोहण्याचा तलाव आणि चारही बाजूंनी सहा फुटी जाळीचं कुंपण आहे. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. हे कापडाच्या भिंतींचं हॉटेल झालं.

मी सिव्हिलचा माणूस, पण तंबू शिकलो ते बाबांकडून. नागपुरात त्यांचं मंडप-डेकोरेशनचं गोडाऊन होतं. लग्न आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कनाती, बल्ल्या, जाजमं ट्रकमध्ये चढायची आणि मग बाबा मातीची बादली घेऊन शाळेच्या मैदानावर फिरायचे. खुंट्याचं एकेक भोक बुजवायचं, टाचेने दाबायचं, वर थोडं पाणी मारायचं. संध्याकाळी पोरं तिथे क्रिकेट खेळणार, कुणाचा पाय मुरगळायला नको. मैदान ‘परत दिलं’ असं ते म्हणायचे. पेशवाईत तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारं खातं होतं, त्याचं नाव फरासखाना. पुण्यात आता ते नाव पोलीस ठाण्यामुळे लोकांना माहीत आहे. सांगायचं एवढंच, की तंबू उभारणाऱ्याचं निम्मं काम तंबू उतरवण्याचं असतं, हे आपल्याकडे फार जुनं आहे. गेली वीस-बावीस वर्षं जंगलालगत कॅम्प उभारताना मी पहिलं चित्र कॅम्प उठल्यानंतरचं काढतो. बारा वर्षांनी तुम्ही कंटाळलात, धंदा बसला, पोरं पुण्याला गेली, तर त्या वावरात काय उरेल?

तुमच्या आराखड्याप्रमाणे उत्तर देतो. एका तंबूचं जोतं पाचशे चौरस फूट, जाडी सहा इंच. बारा जोत्यांचं काँक्रीट होतं सुमारे ८५ घनमीटर, म्हणजे दोनशे टन. त्यात तलावाची टाकी धरलेली नाही. कापड तासाभरात उतरेल, पण हे दोनशे टन कोण उचलणार?

‘तात्पुरतं’ या शब्दावर जरा थांबतो, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. संरक्षित क्षेत्रांभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनच्या (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्ट्याच्या) अधिसूचनांमध्ये एक ठरावीक कलम असतं. क्षेत्राच्या हद्दीपासून १ किलोमीटर किंवा झोनची हद्द, यातलं जे जवळ असेल तिथपर्यंत नवीन व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्ट नाही. अपवाद फक्त निसर्गपर्यटनासाठीच्या छोट्या तात्पुरत्या बांधकामांचा. या अपवादाच्या दारातून बरेच हत्ती आत नेले जातात. जोतं, सेप्टिक टँक, डिझेल जनरेटरची खोली सगळं पक्कं, आणि वर कापड ताणलं की तात्पुरतं. तपासणीला आलेला अधिकारी कापडाकडे न बघता जोत्याकडे बघतो, आणि त्याने तेच बघावं. बफर आणि व्याघ्रमार्ग म्हटल्यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ची पर्यटनविषयक मार्गदर्शक तत्त्वंही लागू होतात. शेतजमिनीच्या अकृषिक वापराचा विषय वेगळा आहे, आणि सातबाऱ्यावर जुना आदिवासी खातेदार असेल तर आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर बंधन घालणारं जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आहे.

आणि जमिनीच्या महसुली नोंदीतला आपल्या विदर्भाचा खास शेरा, ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत तो जागोजागी सापडतो. ही जमीन वनजमीनच, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तुमचे सहा एकर वडिलोपार्जित असले तरी रस्त्यापासून वावरापर्यंतची वाट कोणत्या गटातून जाते ते बघा. वाटेतला अर्धा एकर झुडपी निघाला म्हणून अख्खा प्रकल्प अडकलेला मी पाहिलाय. वकिलाला पैसे द्यायचेच तर वास्तुविशारदाच्या आधी द्या.

आता जमीन. फोटोत भेगाळलेली काळी माती दिसते, खालच्या अंगाला धानाची बांधी आणि एक बोडी, म्हणजे छोटं तळं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात भेगेत हात जातो. तिच्यावर पातळ जोतं टाकलं तर दोन-तीन पावसाळ्यांत ते तडकतं. म्हणजे काँक्रीट निसर्गासाठी वाईट आहे म्हणून सोडा असं मी म्हणत नाही. इथे ते टिकतच नाही. मी दोन गोष्टी वापरतो. एक म्हणजे स्क्रू पाइल, जाड बोल्टसारखे लोखंडी खांब. ते फिरवत जमिनीत उतरवायचे आणि जायची वेळ आली की उलटे फिरवून काढायचे. मात्र ते फुगणाऱ्या थराच्या खाली जायला हवेत, नाहीतर मातीबरोबर तेही वरखाली होतात. दुसरी पद्धत स्वस्त आणि ओबडधोबड. रुंद फरशीवर स्क्रू जॅक, मंडपवाले स्टेजखाली लावतात तोच. डेक वरखाली होणार हे गृहीत धरायचं आणि जून-ऑक्टोबरमध्ये लेव्हल ट्यूब घेऊन मिस्त्रीने पाने फिरवायचे. अर्ध्या दिवसात एक तंबू सरळ होतो. बारमाही पाहुणे ठेवणार असाल तर स्क्रू पाइल घ्या, हंगामी कॅम्पला जॅक पुरतात.

डेक उंच असावा, निदान अडीच फूट. खालून पाणी वाहून जातं, मुंगूस-ससे जातात, हे सगळे सांगतात. मी उंची धरतो ती झाडूवाल्या माणसाच्या मापाने. त्याला टॉर्च घेऊन ओणवं होऊन डेकखाली शिरता आलं पाहिजे. फूटभर उंचीचा डेक आणि पुढे दिसायला छान म्हणून लाकडी पट्ट्यांची झालर म्हणजे घोणस-मण्यारला बांधून दिलेलं घर. झालर लावायचीच नाही. तंबूची जमीन भिंतीला शिवलेली असावी आणि चेन खालपर्यंत लागत असावी. मण्यार रात्री फिरते आणि आडोसा शोधते, फट राहिली की ती आत येते.

तुमच्या आराखड्यात तीन तंबू मोहाच्या झाडांखाली आहेत. सावली, मोठी झाडं, फोटो सुंदर येणार. पण मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा पहाटे, अंधार असताना, अस्वलं फुलं खायला येतात. थोडं उजाडलं की गावातल्या बाया टोपल्या घेऊन येतात. म्हणजे त्या झाडाखाली आधीच दोन पाळ्यांत गर्दी आहे, त्यात तुम्ही मुंबईचं जोडपं गाऊन घालून कॉफी प्यायला बसवणार. शिवाय त्या फुलांवर कोणाचं घर दोन महिने चालतं ते गावात विचारा. झाडं तुमच्या धुऱ्यावर असतील, पण वेचण्याची वहिवाट अनेकदा दुसऱ्याची असते. ती मोडलीत तर कॅम्पला गावाचा आधार कधीच मिळणार नाही. ते तीन तंबू हलवा. बाकीचेही झाडाच्या विस्ताराबाहेर ठेवा, मुळं खोडाजवळच संपतात हा गैरसमज आहे.

आता उकाडा, कारण लक्झरीचं घोडं तिथेच अडतं. पर्यटक वाघ बघायला नेमका एप्रिल-मेमध्ये येतो, कारण पाणवठ्यावर वाघ दिसतो, आणि तेव्हाच चंद्रपूरचा पारा ४५ ओलांडतो. एकेरी कापडातून आत येणारी उष्णता नऊ इंची विटेच्या भिंतीच्या अडीच-तीन पट असते. अशा तंबूत दीड टनाचा एसी लावलात तर त्याचा काँप्रेसर थांबतच नाही. बारा एसी, प्रत्येकी साधारण दीड किलोवॅट, दहा तास, म्हणजे रात्रीचे १८० युनिट. एवढ्याच्या बॅटऱ्या परवडत नाहीत, मग जनरेटर येतो. रात्रभर घरघर, डिझेलचा वास, आणि माहितीपत्रकात ‘जंगलाची नीरव शांतता’.

उपाय आधी छपराचा. आतल्या तंबूच्या वर दीड फूट मोकळी जागा ठेवून दुसरं छत, कडेला रुंद पडवी, आणि वरच्या छताला मधल्या कण्याजवळ हवा निघायला फट. ऊन पहिल्या छतावर थांबतं, गरम हवा फटीतून जाते. वरचं छत बांबू आणि गवताचं केलंत तर तंबू सर्वांत थंड राहतो. पण वणव्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते जून, ती उडत्या ठिणगीची वाट बघणारी गंजी असते. मी गवत फक्त जेवणाच्या मंडपावर वापरतो, तेही बाजूला पाण्याची टाकी आणि चारही अंगांनी साफ केलेली जाळरेषा असेल तरच. तंबूंवर जाड फिकट कॅनव्हास. बांबू मात्र भरपूर वापरा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकलेले कारागीर आसपासच्या गावांत भेटतात. बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेलाच बांबू घ्या. न मुरवलेल्या बांबूतून वर्षभरात पांढरी भुकटी गळायला लागते आणि मग घुणाला शिव्या देण्यात अर्थ नसतो.

छत जमलं की गारवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर उत्तम चालतो, वाळ्याची ताटी लावली तर तंबूला वास असा येतो की पाहुणे परफ्यूमचं नाव विचारतात. बारा कूलर रात्रभरात २४-२५ युनिट खातात, १८०शी तुलना करा. दोन अडचणी आहेत. कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा उपयोग शून्य. त्या पंधरवड्यासाठी, आणि ज्यांना एसीशिवाय झोपच येत नाही त्यांच्यासाठी, मी पलंगाभोवती दुसरा छोटा बंद तंबू करतो, मच्छरदाणीसारखा पण जाड सुती कापडाचा. त्यात अगदी लहान एसी. चारशे-पाचशे चौरस फूट गार करण्यापेक्षा माणूस झोपतो तेवढीच जागा गार करायची. लोकांना हे फार आवडतं, त्यांना ते राजेशाही वाटतं.

पाण्याचा हिशेब तुम्ही केलेलाच नाही. पोहण्याचा तलाव दहा बाय पाच मीटरचा दाखवलाय. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला निदान एक सेंटीमीटर पाणी उडतं, म्हणजे रोज ५०० लिटर. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. नऊ माणसांचं पाणी तुम्ही रोज हवेत सोडणार, तेही गावच्या हातपंपाला हवा येते त्या महिन्यात. कायद्याने कोणी अडवेल-न अडवेल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तलाव रद्द करा. त्याऐवजी खालची बोडी गाळ काढून खोल करा. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या बांधण्याची जुनी रीत आहे, ती जमिनीच्या उताराला धरून आहे. पाहुण्यांना बोडीच्या पाळीवर संध्याकाळचा चहा द्या, पाणकोंबड्या आणि खंड्या पोहण्याच्या तलावावर येत नाहीत. न्हाणीघरात मिनिटाला सहा-सात लिटरचे शॉवर लावा. दाब चांगला असला तर फरक कळत नाही.

मैल्याच्या बाबतीत सल्लागाराने ‘सेप्टिक टँक आणि शोषखड्डा’ लिहून विषय संपवलाय. काळ्या मातीत शोषखड्डा शोषत नाही. जुलैत तो वरपर्यंत भरतो, उलटा वाहतो आणि तुमच्या उताराने सरळ बोडीत जातो. माझ्या दुसऱ्याच कॅम्पवर हे घडलंय, चूक सर्वस्वी माझी होती. मुरुमाच्या जमिनीवरचं जुनं डिझाइन मी काळ्या मातीवर जसंच्या तसं उचललं. ऑगस्टमध्ये मालकाचा फोन आला, मी गेलो, आणि चार दिवस गमबूट घालून तिथे उभा होतो. तेव्हापासून मी कप्प्याकप्प्यांची बंद टाकी करतो, त्यातून पाणी जमिनीच्या वर बांधलेल्या खडीच्या वाफ्यात जातं, वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावतो. माणशी दीड-दोन चौरस मीटर वाफा धरा, नोकर-चाकर मोजून. टाकी तयार मिळणारी प्लास्टिकची घ्या, ती पुढे उपसून उचलता येते. स्वयंपाकघराचं पाणी आधी तेल-तुपाच्या सापळ्यातून गेलं पाहिजे, नाहीतर वाफा महिन्यात चोंदतो.

खरकट्याचा मार्गही असाच सरळ आहे, फक्त तो बिबट्याकडे जातो. खरकटं उघडं राहिलं की रानडुकरं आणि गावची कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि पुढचा फोन वनरक्षकाला करावा लागतो. कुलूपबंद जाळीची खोली, झाकणाचे ड्रम, रोज संध्याकाळी अंधाराआधी आवरासावर. हे डिझाइनमध्येच दाखवायचं, मागून मॅनेजरवर सोडायचं नाही.

कुंपणाचा तुमचा हेतू समजतो, पाहुण्यांची भीती. पण जाळी लावली की चितळ-नीलगाय वळसा घालून शेजाऱ्याच्या धानात शिरतात, आणि आत शिरलेलं जनावर बाहेर पडू शकत नाही, हे जास्त धोक्याचं. तंबू एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात ठेवा, वाटा रुंद आणि दोन्ही बाजूंनी साफ, अंधार पडल्यावर प्रत्येक पाहुण्यासोबत गावातला माणूस काठी-टॉर्च घेऊन. आफ्रिकेतल्या महागड्या कॅम्पमध्येही रात्री असंच सोबत चालतात, तिथे बहुतेक ठिकाणी कुंपण नसतंच. दिवे गुडघ्याच्या उंचीचे, पिवळसर, खाली तोंड केलेले. झाडांवर सोडलेले फोकस काढून टाका, त्यावर चर्चा नको.

राहिला पावसाळा. कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. बफर चालू असलं तरी पाहुणे तुरळक. माझं मत, त्या तीन महिन्यांत कापड उतरवा. कॅनव्हासचं आयुष्य वाढतं आणि जमिनीला श्वास मिळतो. पण घाईत घडी घालू नका. एका जूनमध्ये ढग आले म्हणून आम्ही दुपारीच तंबू उतरवले. हाताला कोरडं लागत होतं, शिवणीत ओल होती. ऑक्टोबरात गाठोडी सोडली तर प्रत्येक शिवणीच्या दोन्ही अंगांना काळे ठिपके, घडीवर घडी उमटल्यासारखे, आरशात बघावं तसे जुळणारे. सहा तंबू गेले. घासून निघत नाही ती बुरशी, वासही जात नाही. तेव्हापासून तीन कडक उन्हं लागल्याशिवाय घडी नाही, आणि गाठोडी जमिनीवर नव्हे, बांबूच्या माचीवर, उंदरांपासून उंच. नवीन सुती कॅनव्हासला एकदा चांगलं भिजवून वाळवून घ्या, धागे फुगून सुईची भोकं भरतात. पहिल्या पावसात गळतं म्हणून तंबूवाल्याशी भांडायची वेळ येत नाही.

तंबू किती? तुमच्या जमिनीत, बोडी, धानाची बांधी आणि मोहाची झाडं सोडून, मला सात दिसतात. आठवा बसवता येईल, पण त्याला बोडीचा काठ द्यावा लागेल आणि तिथे रात्री जनावरं पाणी प्यायला येतात. बारा तंबूंचं उत्पन्न साताने कसं निघणार हे तुम्ही विचाराल. निघतं, भाडं जास्त घ्यावं लागतं. लोक ते पैसे देतात शांततेचे, अंधाराचे, चांगल्या गादीचे आणि चुलीवरच्या जेवणाचे. बोट्स्वानाने १९९०च्या पर्यटन धोरणात हेच केलं, माणसं कमी, दर जास्त. मात्र सात तंबूंवर मोठं कर्ज काढू नका, पहिल्या वर्षी चार टाका. स्क्रू पाइलचा हाच फायदा, चुकीच्या जागी बसला तर काढून दहा फूट सरकवता येतो.

आता लगेच करण्याचं काम. आराखडा बाजूला ठेवा आणि जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वावरात उभे राहा. सोबत बांबूच्या दोनशे कामट्या आणि लाल चिंध्या. पाणी जिथून वाहतं तिथे दर दहा पावलांवर एक कामटी रोवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, चिखल ओला असतानाच पुन्हा फिरा आणि पावलांचे ठसे दिसतील तिथे पांढऱ्या चिंध्यांच्या कामट्या लावा. गावातला एखादा गुराखी बरोबर घ्या, कोणता ठसा कोणाचा ते तो सांगेल. मग उंचावरून, पाण्याच्या टाकीवर चढून, एक फोटो काढून मला पाठवा. लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये जी जागा उरेल तिथे तंबूंचं बघू.